जत्रेत मरण दाखवायचं नाही

माझा आजार बरा होणारा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं काय होतं म्हणून कोणी शेवटचं पान उलटून बघायला नको. शेवट लपवण्याचं काम मी पुष्कळ वर्षं केलं, आता त्याचा कंटाळा आलाय.

माझं नाव दत्तात्रय. घोडेगावच्या बाजूला दत्ता मांडववाला म्हटलं की लोक घर दाखवतात. मांडव, लाईट आणि साउंडचा धंदा मी आणि धाकटा भाऊ सोपान मिळून करायचो. आता तो एकटा करतो आणि मी कॉटवरून त्याला शिव्या घालतो. हे मी हातानं लिहीत नाही. मी बोलतो आणि बायको, कमल, लिहून घेते. जीभ जड झाल्यामुळं एकेक वाक्य तिला दोनदा ऐकावं लागतं. एखादं वाक्य ती तिसऱ्यांदाही विचारते. तेव्हा तिला ऐकू आलेलं असतं, फक्त पटलेलं नसतं.

पक्कड

निरगुडसरला एका लग्नाचा मांडव बांधत होतो. तार आवळता आवळता हातातली पक्कड खाली पडली. उचलली, परत पडली. खालून सोपान हसला, "दादा, म्हातारा झालास राव." मीही हसलो. मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग पाण्याचा तांब्या निसटायला लागला. इथले डॉक्टर झाले, मंचरचे झाले, शेवटी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जाऊन हातापायांत सुया टोचून घेतल्या.

सगळे रिपोर्ट आले त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी दारातून विचारलं, "सोबत कोण आहे?" सोपान उठला. त्याला आत घेतलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. आजार माझा आणि निकाल त्याला! मी समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत बसलो.

सोपान बाहेर आला तो तोंड धुऊन. म्हणाला, "मानंतली नस दबलीय दादा. गोळ्या घ्यायच्या, व्यायाम करायचा. समदं नीट व्हतंय."

परत येताना त्यानं राजगुरुनगरला टेम्पो थांबवून माझ्यासाठी मिसळ मागवली आणि स्वतः नुसतं पाणी प्यायला. सोपान मिसळीला नाही म्हणतो म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे कळायला डॉक्टर कशाला लागतो? "समदं नीट व्हतंय" हे त्याचं वाक्य तर मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ते कुठून आलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा जुना धंदा

मांडवाच्या आधी आमच्याकडं सिनेमाचं मशीन होतं. सोळा एमएमचं, बेडिंगएवढ्या पेटीत बसणारं. जुन्नर-आंबेगावातल्या जत्रांमधून आम्ही दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचो. भीमाशंकरच्या अंगाला, जिथं एसटी संपते त्याच्याही पुढं, पेटी डोक्यावर घेऊन जायचो.

पहिल्याच वर्षी एका गावच्या पंचांनी आम्हाला बाजूला घेतलं. "पावणं, येक ध्यानात ठेवा. जत्रेत मरण दाखवायचं न्हाई. देवाच्या दारात हिरो मेला आन् वर्साभरात गावात काय इपरीत घडलं, तर लोक तुमचं नाव घेतील." व्हिलन मेला तर चालायचं. तो काही गावातला नव्हता.

तेव्हापासून तो आमचा नियमच झाला. हिरो, त्याची आई, बहीण, कोणीही चांगलं माणूस मरायला लागलं की सोपान बरोबर आधी मशीन बंद करायचा. त्याला प्रत्येक सिनेमातली ती जागा पाठ होती. लगेच मी माईकवरून सांगायचो, "खेळ संपलेला आहे, मंडळींनी सावकाश घरी जावे." बाया सोपानभोवती गोळा होऊन विचारायच्या, "पुढं काय झालं वं?" सोपान वायरी गुंडाळत म्हणायचा, "समदं नीट झालं."

एका वर्षी डोंगरातल्या एका गावात त्याच्या हातून रिळांची अदलाबदल झाली. हिरो आधीच मेला. मशीन बंद करायचं सुचेपर्यंत पुढचं रीळ सुरू झालं आणि मेलेला हिरो फेटा बांधून लग्नात नाचायला लागला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एका म्हाताऱ्यानं आमच्या मशीनपुढं नारळ फोडला. आमच्या नानीचं, म्हणजे चुलतीचं, ते माहेर. ती तेव्हा तिथं होती आणि तो हिरो देवाच्या कृपेनं उठून बसला, असं ती अजून शपथेवर सांगते.

तर सोपाननं पुण्याच्या हॉस्पिटलातही तेच केलं. दिवा बंद केला आणि वायरी गुंडाळल्या. पुढच्या खेपेला मी कमलला दारात अडवून एकटाच आत गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, शेवटपर्यंत सांगा. त्यांनी सांगितलं. अंगातली शक्ती एकेक करून जाणार. हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहणार. किती दिवस, ते सांगता येत नाही. मी "बरं" म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

वॉर्ड

मध्ये एकदा भाताचं शीत श्वासनलिकेत गेलं, छातीत कफ झाला आणि मला अॅडमिट केलं. हॉस्पिटलात दिवस लवकर उजाडतो. दिवे लावणं, ताप बघणं, चादर बदलणं, मग चहा. चहा माझ्यासाठी नव्हता. मला नाकातल्या नळीनं पातळ खाणं. मावशी चादर बदलताना मला या कुशीवरून त्या कुशीवर करायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "भाऊ, दुखलं का?" विचारणाऱ्या त्या एकट्याच. बाकी सगळे माझ्याबद्दल कमलला विचारायचे.

शेजारच्या कॉटवरच्या गृहस्थांच्या गळ्याला भोक पाडून मशीन लावलेलं होतं. त्यांना माझाच आजार, पण पुढच्या टप्प्यावरचा. मशीन श्वास घ्यायचं, ते छताकडं बघत राहायचे. त्यांचा मुलगा रोज येऊन त्यांचे पाय चेपायचा. ते सुखी होते की दुःखी, मला माहीत नाही. मला विचारता येईना, त्यांना सांगता येईना. काही लोक असं मशीन लावून चांगले जगतात, नातवंडं बघतात, असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं नसणार. पण त्याच दिवशी माझं ठरलं. हे मला नको.

ठरवणं सोपं होतं, ते घरी सांगणं अवघड. मी "मशीन" म्हटलं की कमल गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठायची. सोपान म्हणायचा, "आधी बरा तर हो." रोज मरे त्याला कोण रडे, अशी म्हण आहे. आमच्या घरात उलटं. मी रोज थोडा थोडा जातो आणि ही मंडळी रोज रडतात, मोरीत नळ सोडून.

पडद्यावरचे पेशंट

कॉटवर पडून माणूस काय करणार? मी मोबाईलवर सिनेमे बघायला लागलो. कमल स्टँडला मोबाईल लावून द्यायची. इच्छामरणावरचे मिळतील तेवढे बघितले. परदेशी, हिंदीत आवाज दिलेले, काही आपल्याकडचे. मी जुना मशीनवाला, त्यामुळं मला पडद्यापेक्षा पडद्यामागचं आधी दिसतं.

पहिली गोष्ट, या सिनेमांतला पेशंट रोज गुळगुळीत दाढी केलेला असतो. खिडकीबाहेर डोंगर, पांढरे पडदे हलतायत. नाकावर डास बसलाय आणि हात हलत नाही, हे कोणी दाखवत नाही. मला मरणाची भीती वाटते त्याहून जास्त त्या डासाची वाटते. बायको घरात नसताना लघवी लागली, हेही दाखवत नाहीत. बायकोची कंबर तर कधीच दुखत नाही.

दुसरी गोष्ट, पेशंट फार छान बोलतो. कोर्टात उभ्याउभ्या भाषण ठोकावं तसं. मला "पाणी" म्हणायला दोन दम लागतात. आणि काही सिनेमांत मरणाची मागणी करणारा तेवढा शूर आणि जगणारा भित्रा. काही सिनेमांत याच्या उलट, मागणी करणारा वेडा आणि त्याला धीर देणारा देवमाणूस. मी या दोन्हींत बसत नाही. सकाळी मला जगायचं असतं. दुपारी, सगळे शेतावर गेल्यावर, नको वाटतं. संध्याकाळी सोपान येऊन दिवसभराची भांडणं सांगायला लागला की परत वाटतं, उद्याचं ऐकून जाऊ.

पण एक कबूल करतो. ते सिनेमे बघताना मला हेवा वाटायचा. त्या माणसांचं कोणीतरी ऐकून घेत होतं.

"मोकळं कर"

एका दुपारी सोपान मला पेज भरवत होता. ठसका लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. दम परत आल्यावर मी त्याला म्हणालो, "सोपान, मला मोकळं कर. तूच करू शकतोस."

त्यानं वाटी खाली ठेवली, माझं तोंड पुसलं आणि उठून गेला. मग बरेच दिवस आलाच नाही. कामाची माणसं पाठवायचा, फळं पाठवायचा, स्वतः यायचा नाही. माझ्या जागी जे कोणी असतील त्यांना सांगतो, हे ओझं आपल्या माणसावर टाकू नका. मनात तसं आलं तर जरूर बोला, गिळून बसू नका, पण डॉक्टरांशी बोला.

मी बोललो. आमच्याकडं एक डॉक्टरीणबाई घरी तपासायला येतात. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "नेमकी कशाची भीती वाटते?" मी म्हणालो, "दम कोंडून, तडफडत जाण्याची." त्या म्हणाल्या, "तसं होऊ देणार नाही. धाप शांत करायला औषधं असतात, ती आम्ही देऊ. मशीन नको असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नाही म्हटलं म्हणून तुम्हाला कोणी वाऱ्यावर सोडत नाही, आणि घरच्यांवर गुन्हाही होत नाही." इतके महिने हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मरायची अर्धी इच्छा त्या दिवशीच गेली. उरलेली अर्धी अजून आहे, खोटं कशाला बोलू.

नानीचं म्हणणं

ओळखीचे एक वकील भेटायला आले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. दुसऱ्याला मरायला मदत करणं आपल्याकडं गुन्हाच. पण बरं न होणाऱ्या आजारात मला मशीनवर ठेवू नका, असं शुद्धीवर असताना साक्षीदारांसमोर लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस नेमता येतं. मी म्हणालो, "साहेब, एवढ्यावर का थांबायचं? बाहेरच्या काही देशांत डॉक्टरांच्या हातून मरण मागायचा कायदा आहे, तो इथंही पाहिजे. माझ्यासारख्यानं मागितलं तर द्यावं की!"

नानी उंबऱ्यापाशी बसून लसूण सोलत होती. ऐंशीच्या पुढची. तिचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. ती तीन सुनांच्या घरी आळीपाळीनं राहते.

ती म्हणाली, "लेका दत्तू, कायदा तुज्यासाठी करतील आन् लागू मला व्हईल."

वकील हसले. मी हसलो नाही.

"म्हंजे काय नानी?"

"म्हंजे काय? मला मर असं कोण म्हणत न्हाई. सुना माज्या चांगल्या हायेत. पर येक डाव कायदा आला की रोज सकाळी ताटात भाकर पडताना माजं मलाच वाटंल, सोय हाय तरी म्हातारी जाईना. तुला मागायचा हक मिळल बाबा. मला न मागायची लाज मिळल."

बोलून तिनं परत लसूण हातात घेतला. त्या दिवसापासून माझं डोकं भणभणतंय. माझं दुखणंही खरं आणि नानीची भीतीही खरी. एकालाही खोटं ठरवता येत नाही. इतक्या सिनेमांत एकाही कोर्टात मी नानीला साक्षीला उभी राहिलेली बघितली नाही. कायदा व्हावा असं मला अजूनही वाटतं, पण पूर्वीसारखं ठणकावून म्हणवत नाही.

भिंतीवरचा खेळ

मशीन नको, एवढं तरी घरच्यांच्या गळी उतरायला हवं होतं. मला डॉक्टरांपुढं बोलता येईनासं झालं की कोणाला तरी माझ्यासाठी बोलावं लागणार. कमलनं ते करावं अशी माझी इच्छा नव्हती. राहिला सोपान. मी त्याला निरोप धाडला, लग्नातला प्रोजेक्टर घेऊन ये, सिनेमा बघायचाय. सिनेमा म्हटल्यावर तो आला. दुपारी दारं-खिडक्या लावून त्यानं भिंतीवर खेळ लावला.

सिनेमा मीच निवडलेला. परदेशातला एक सुतार, माझ्यासारखाच आजारी. त्याच्या देशात तसा कायदा आहे. तो बायकोला पटवतो, दिवस ठरतो. सोपान प्रोजेक्टरशेजारी उभा, जुन्या सवयीनं. कमल माझे हात चोळत बघत होती. शेवटी ठरलेल्या दिवशी फाटकापाशी डॉक्टरची गाडी येऊन थांबते.

तिथं भिंत अंधारली.

"लाव की," मी म्हणालो.

"संपला," सोपान म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

"मी बघितलेला आहे. पुढं आहे अजून."

"दादा, जत्रेत मरण दाखवायचं न्हाई."

"अरे, इथं कुठंय जत्रा?"

त्यानं वायर खाली टाकली. "तू हायेस तवर आमची जत्राच हाय की," म्हणाला आणि दार उघडून निघून गेला.

एवढं प्रेम बघून सुखावायला हवं होतं. मला तर बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं. मी रडत होतो आणि मला नाक पुसता येत नव्हतं.

कमलनं नाक पुसलं. मग तिनं स्वतः मोबाईल स्टँडला लावून उरलेला सिनेमा सुरू केला आणि शेवटपर्यंत बघितला. सिनेमात डॉक्टर आत जातो आणि खोलीचं दार लागतं. नंतर सुताराची बायको एकटीच नवऱ्याचा दाढीचा ब्रश धूत उभी असते, बस, एवढंच.

मी विचारलं, "कसा वाटला?"

"हिच्या घरी कोणीच कसं आलं नाय?" कमल म्हणाली. "नवरा जायला लागलाय आन् घरात ना नणंद, ना जाऊ, ना शेजारीण. चहा टाकायलासुद्धा माणूस न्हाई. अशा घरात मलाबी मरावंसं वाटंल."

मग बराच वेळ ती माझी बोटं एकेक करून सरळ करत राहिली. खाली बघतच म्हणाली, "मशीन नको, ते कळलं. नाय लावू देणार. पर त्या बाईनं केलं तसलं मला मागू नका. तुमी मोकळं व्हाल, मी कुटं मोकळी व्हते?"

हे वाक्य लिहिताना ती मघाशी थांबली होती. मी म्हणालो, खोडायचं तर खोड. नाही खोडलं.

सोबत कोण

दोन-तीन दिवसांनी सोपान आला. भर दुपारी, कामाच्या वेळेला. कोणाशी न बोलता त्यानं प्रोजेक्टर मांडला, खिडक्या लावल्या.

"कुठनं लावू?"

"थांबवला होतास तिथून."

त्याला शोधावं लागलं नाही, जागा पाठ होती. फाटकापाशी गाडी थांबली, दार बंद झालं, बाईनं ब्रश धुतला. मग नावं वर सरकायला लागली. सोपाननं तीसुद्धा सगळी सरकू दिली, आम्हा दोघांना वाचता न येणारी. भिंत पांढरी झाल्यावरही तो माझ्या कॉटच्या कडेवर बसून होता. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून मरणासकट शेवटपर्यंत बघितलेला हा पहिला खेळ.

"लई वंगाळ हाय," तो म्हणाला.

"आहेच."

"आन् लोकांनी मला इचारलं, पुढं काय झालं, तर काय सांगू?"

"सांग, शेवटपर्यंत बसलो होतो."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी फार घाबरलो होतो, तेही सांगतो. याच्या एका शब्दावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

काल डॉक्टरीणबाई आल्या. आता श्वास कमी पडायला लागलाय, पुढचं बोलून ठेवायला हवं, असं त्यांनी कमलला फोनवर सांगितलेलं होतं. त्यांनी माझी छाती तपासली, बोटाला क्लिप लावून आकडा बघितला आणि पिशवी आवरता आवरता दाराकडं बघून विचारलं, "सोबत कोण आहे? जरा बाहेर येता का?"

सोपान उठला. त्यानं कोपऱ्यातली खुर्ची उचलली, माझ्या कॉटला चिकटवून ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "तुमी हितं बसा, बाई. मी दादापाशी बसतो. मशीन लावायचं न्हाई, त्येचं ठरलंय, मी बोलणार त्येच्यासाठी. बाकी काय सांगायचं ते त्येच्या म्होरं सांगा. शेवटपर्यंत सांगा."